दीड मिनिट आणि वीस वर्षे : स्लॅलम कॅनोपटूची कारकीर्द

शर्यतीचे स्वरूप

स्लॅलम ही खळाळत्या पाण्यातली, घड्याळावर मोजली जाणारी शर्यत आहे. उतारावरून धावणाऱ्या, खडकांवर आपटून फेसाळणाऱ्या प्रवाहावर आडव्या तारा ताणलेल्या असतात आणि त्या तारांवरून दोन-दोन काठ्या खाली सोडलेल्या असतात. काठ्यांची एक जोडी म्हणजे एक गेट. काठीचे टोक पाण्याच्या जेमतेम वीतभर वर लोंबत असते. साधारण 200 ते 400 मीटरांच्या मार्गावर अशी 18 ते 25 गेट असतात आणि ती ठरलेल्या क्रमानेच पार करावी लागतात. हिरव्या-पांढऱ्या गेटमधून पाण्याबरोबर खाली जायचे, लाल-पांढऱ्या गेटमधून पाण्याविरुद्ध खालून वर चढायचे. होडी, वल्हे, हेल्मेट किंवा अंगाचा कोणताही भाग काठीला निसटता जरी लागला, तरी वेळेत 2 सेकंदांची भर पडते. गेट चुकले तर 50 सेकंदांची. तयारीचा खेळाडू हा मार्ग दीड ते पावणेदोन मिनिटांत पुरा करतो. पहिल्या तिघांमधले अंतर पुष्कळदा एका सेकंदाहूनही कमी असते, म्हणून एका काठीच्या स्पर्शात पदक जाऊ शकते.

होड्यांचे मुख्य प्रकार दोन. कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे करून बसतो आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे चालवतो. कॅनोमध्ये तो गुडघे टेकून बसतो आणि त्याच्या वल्ह्याला एकच पाते असते. एकट्याने चालवायच्या या शर्यतींना अनुक्रमे ‘के-वन’ आणि ‘सी-वन’ म्हणतात. सी-वनचा खेळाडू लहानपणीच उजवी किंवा डावी बाजू धरतो. पलीकडच्या बाजूला वल्हे मारायची वेळ आली, की बहुतेक जण हात न बदलता कमरेतून वळतात आणि वल्हे होडीवरून पलीकडे नेतात. दोन्ही होड्या कार्बन तंतूंच्या, आठ-नऊ किलोंच्या असतात, एका खांद्यावर सहज उचलता येतील इतक्या हलक्या. पूर्वी त्यांची लांबी किमान 4 मीटर असावी लागे. 2005 पासून ही अट साडेतीन मीटरांवर आली आणि होड्या चपळ झाल्या. होडीची टोके पातळ ठेवलेली असतात, कारण वळताना टोक पाण्याखाली दाबून काठीच्या खालून काढता आले पाहिजे.

‘स्लॅलम’ हा शब्द नॉर्वेजियन भाषेतून, बर्फावरच्या स्कीइंगमधून आला. उतारावर खांबांमधून वळणे घेत उतरण्याचा तो खेळ पाण्यावर आणण्याचा पहिला प्रयोग 1933 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाला. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही स्वित्झर्लंडमध्येच, 1949 साली जिनिव्हात भरली. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ 1972 साली आला, मग वीस वर्षे बाहेर राहिला आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून सलग खेळला जात आहे.

पाणी कुठून येते

धावपटूला मैदान लागते, ते बाराही महिने जागेवर असते. स्लॅलमपटूला लागणारे पाणी मात्र रोज, ठरल्या वेळी, ठरल्या जोराने वाहावे लागते. निसर्गात असे पाणी फार थोड्या ठिकाणी मिळते. म्हणून या खेळाचा इतिहास पाणी सोडण्याच्या व्यवस्थेचाही इतिहास आहे.

1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकसाठी पश्चिम जर्मनीने आउग्सबुर्ग शहरात लेख नदीच्या पाण्यावर काँक्रीटचा प्रवाह बांधला. ‘आइसकनाल’ नावाचा हा मार्ग स्लॅलमसाठी बांधलेला पहिला मोठा कृत्रिम प्रवाह मानला जातो. पूर्व जर्मनीने त्याची नक्कल आपल्याकडे त्स्विकाउ येथे उभारली, खेळाडूंना तिथे घोटून तयार केले आणि त्या ऑलिम्पिकमधली स्लॅलमची चारही सुवर्णपदके नेली. ज्याच्याकडे सरावाचे पाणी, त्याच्याकडे पदक, हा धडा तेव्हापासून सगळ्यांनी घेतला.

पाणी मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे पंप. सिडनी ऑलिम्पिकसाठी पेनरिथ येथे बांधलेला प्रवाह 320 मीटर लांबीचा असून वरपासून खालपर्यंत साडेपाच मीटर उतरतो. त्यातून सेकंदाला 14 घनमीटर, म्हणजे 14,000 लिटर पाणी वाहते आणि खाली साठलेले तेच पाणी पंप पुन्हा वर चढवतात. तुलना करायची तर, मुंबई महापालिका शहर आणि उपनगरांना मिळून दिवसाला सुमारे 3,900 दशलक्ष लिटर पाणी पुरवते. पेनरिथचे पंप चोवीस तास चालवले, तर त्या 320 मीटरांतून सुमारे 1,200 दशलक्ष लिटर पाणी फिरेल. उपनगरांतल्या नळांना, टाक्यांना आणि दक्षिणेकडच्या सगळ्या शहराला मिळून जेवढे पाणी पुरवले जाते, त्याच्या जवळजवळ एकतृतीयांश इतका हा ओघ आहे. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असल्याने ते वाया जात नाही, पण पंपांना वीज भरपूर लागते.

दुसरा मार्ग धरणाचा. स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाजवळच्या चुनोव्हो येथे डॅन्यूबवरच्या बांधामुळे पाण्याच्या पातळीत जो फरक पडतो, त्यावरच स्लॅलमचा प्रवाह चालतो. पंप लागत नाहीत. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकची स्लॅलम शर्यत टेनेसी राज्यातल्या ओकोई नदीवर झाली. तिथले पाणी एरवी वीजगृहाकडे वळवलेले असते आणि नदीचे पात्र कोरडे पडते. शर्यतीसाठी ते पाणी पात्रात सोडण्यात आले.

महाराष्ट्रात याच जातीचे पाणी रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ, कुंडलिका नदीत वाहते. मुळशीच्या खोऱ्यातले पाणी मुळात पूर्वेला, भीमेकडे जाणारे. सेनापती बापटांच्या सत्याग्रहामुळे महाराष्ट्राच्या स्मरणात राहिलेल्या मुळशी धरणाने ते अडवले आणि सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला टाटांच्या भिरा वीजगृहात उतरवले. 1927 मध्ये हे वीजगृह सुरू झाले आणि मुंबईला वीज देऊ लागले. टर्बाइनमधून बाहेर पडणारे पाणी खाली कुंडलिकेला मिळते. सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर आटत जाऊन डोहांपुरत्या उरतात. कुंडलिका मात्र मे महिन्यातही सकाळी पाणी सुटले की फुगते, खडकांवरून खळाळते आणि काही तासांनी पुन्हा उतरते. रबरी राफ्ट घेऊन मुंबईकर तिथे जातात ते याच वेळापत्रकाने. ओकोईत वीजगृहाकडे जाणारे पाणी पात्रात सोडले गेले, कुंडलिकेत वीज तयार करून झालेले पाणी येते; दोन्हीकडे वीजनिर्मितीच्या व्यवस्थेतले पाणी सुटले, की नदी काही तासांसाठी खेळाचे मैदान होते.

पहिली वर्षे

युरोपात स्लॅलमची सुरुवात साधारण आठ ते बारा वर्षांच्या वयात, गावातल्या नदीकाठच्या क्लबमध्ये होते. पहिली अट पोहण्याची. दुसरी गोष्ट शिकवतात ती ‘रोल’: होडी उलटली तर आतून बाहेर न पडता पुन्हा सुलटी होणे. खेळाडूच्या कमरेभोवतीचा रबरी घेर होडीच्या तोंडावर घट्ट बसवलेला असतो, त्यामुळे उलटल्यावर तो डोके खाली, होडी वर अशा अवस्थेत लटकतो. घाबरून डोके आधी वर काढले, तर शरीराचा भार होडीला पुन्हा खाली ओढतो. म्हणून वल्हे पाण्याच्या पृष्ठभागावर पसरून मारायचे, कमरेच्या झटक्याने आधी होडी फिरवायची आणि डोके सगळ्यांत शेवटी वर आणायचे. श्वासासाठी धडपडणाऱ्या मुलाला ‘डोके शेवटी’ हे पटायला आणि अंगवळणी पडायला कित्येक आठवडे लागतात. थंडीच्या दिवसांत युरोपातले क्लब हा सराव तरणतलावातच घेतात.

तिसरा धडा पाणी वाचण्याचा. प्रवाहात खडक आला की पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी पुढे जाते आणि खडकाच्या पाठीमागे पोकळी भरून काढायला उलटे, वरच्या दिशेला फिरते. या उलट्या पाण्याला खेळाडू ‘एडी’ म्हणतात. पुढे जाणारे आणि मागे फिरणारे पाणी जिथे एकमेकांना घासते, तिथे एक रेघ उमटते. होडीचे नाक ती रेघ ओलांडून आत गेले आणि शेपूट बाहेरच्या धारेत राहिली, की होडी आपोआप गर्रकन वळते. त्या क्षणी अंग आतल्या बाजूला कलवले नाही तर होडी उलटते. लाल गेट बहुतेक अशा एडीतच टांगलेले असते. चांगला खेळाडू वळण्यासाठी ताकद कमी आणि पाणी जास्त वापरतो. रेघ नेमकी कुठे आहे, ती क्षणाक्षणाला किती सरकते, हे ओळखायला हजारो वेळा तीच रेघ ओलांडावी लागते. म्हणूनच या खेळात पाण्यावर काढलेल्या तासांना पर्याय नाही.

हे तास लहानपणीच मिळतात ते बहुधा घरातून. पेनरिथची जेसिका फॉक्स हे त्याचे आजचे सर्वांत ठळक उदाहरण. वडील रिचर्ड फॉक्स ब्रिटनचे, कयाक स्लॅलमचे पाच वेळचे वैयक्तिक जगज्जेते. आई मिरियम जेरुसाल्मी फ्रान्सची, 1996 च्या ऑलिम्पिकमधली कांस्यपदक विजेती. 1994 मध्ये मार्सेलला जन्मलेली जेसिका चार वर्षांची असताना कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेले, कारण सिडनी ऑलिम्पिकच्या तयारीसाठी रिचर्ड यांना तिथे बोलावले होते. पेनरिथचा प्रवाह घराजवळ आणि आई प्रशिक्षक, अशा वातावरणात ती वाढली. फ्रान्समध्ये पो शहरातल्या एस्टँगे कुटुंबातही तसेच झाले. थोरला पॅट्रिस 1996 मध्ये सी-वनचे कांस्यपदक घेऊन आला आणि धाकटा टोनी त्याच्या मागोमाग त्याच पाण्यात उतरला.

निवडीची चाळणी

जागतिक पातळीवर खेळाडू आधी 18 वर्षांखालच्या आणि मग 23 वर्षांखालच्या गटात खेळतो. त्यापुढे वरिष्ठ गटाचा हंगाम: वर्षातून काही विश्वचषक स्पर्धा, खंडीय स्पर्धा आणि जागतिक अजिंक्यपद. दर स्पर्धेत मार्ग वेगळा मांडलेला असतो. गेट कुठे टांगायची हे ठरवणारे तज्ज्ञ वेगळे असतात आणि मांडलेल्या मार्गावर सराव करण्याची परवानगी स्पर्धकांना नसते. काठावरून चालत जाऊन मार्ग पाहायचा, आधी सोडलेल्या प्रात्यक्षिक होड्या पाण्यात कशा हलतात ते टिपायचे आणि वीस-पंचवीस गेटचा क्रम, कोन, वल्ह्याचे फटके मनात पक्के करायचे. शर्यतीआधी डोळे मिटून, हात हवेत हलवत उभे असलेले खेळाडू काठावर दिसतात. ते मनातल्या मनात मार्ग उतरत असतात.

सर्वांत कठीण चाळणी ऑलिम्पिकची. आता एका प्रकारात एका देशाची एकच होडी उतरू शकते. ज्या देशांत हा खेळ रुजला आहे, तिथे जगातल्या पहिल्या दहांतले दोन-तीन खेळाडू एका जागेसाठी भांडतात आणि बाकीचे घरी राहतात. ब्रिटनच्या जो क्लार्कने 2016 मध्ये रिओत के-वनचे सुवर्ण जिंकले, पण टोकियो ऑलिम्पिकच्या संघात त्याला जागा मिळाली नाही. पुढे तो जिद्दीने परतला आणि 2024 मध्ये पॅरिसला कयाक क्रॉस या नव्या प्रकारात रौप्य घेऊन गेला. एस्टँगे भावांची कसोटी घरातच लागली. सिडनी ऑलिम्पिकच्या निवडीत धाकट्या टोनीने थोरल्या पॅट्रिसला मागे टाकले आणि तिथे जाऊन सुवर्ण जिंकले.

एका स्पर्शाची किंमत

टोनी एस्टँगे आणि स्लोव्हाकियाचा मिखाल मार्टिकान यांची सी-वनमधली स्पर्धा चार ऑलिम्पिक चालली. मार्टिकान लिप्टोव्स्की मिकुलाश या गावचा. 1996 मध्ये ओकोई नदीवर तो जिंकला, तेव्हा तो 17 वर्षांचा होता आणि त्याचा देश स्वतंत्र होऊन तीनच वर्षे झाली होती. स्वतंत्र स्लोव्हाकियाचे ते पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक. 2000 मध्ये सिडनीत एस्टँगे पहिला, मार्टिकान दुसरा.

2004 मध्ये अथेन्सला दोघे पुन्हा समोरासमोर आले. मार्टिकान खाली पोहोचला तेव्हा सुवर्ण त्याचेच वाटत होते. मग पंचांनी एका गेटला झालेला स्पर्श धरून 2 सेकंदांचा दंड लावला आणि निकाल फिरला. दोन फेऱ्यांच्या एकत्रित वेळेत एस्टँगे 0.12 सेकंदाने पुढे राहिला. पापणी लवायला लागतो त्याहून हा वेळ फारसा मोठा नाही. 2008 मध्ये बीजिंगला चित्र उलटले. फ्रान्सचा ध्वजवाहक असलेला एस्टँगे अंतिम फेरीतही पोहोचला नाही आणि मार्टिकानने बारा वर्षांनी दुसरे सुवर्ण जिंकले. 2012 मध्ये लंडनला 34 वर्षांच्या एस्टँगेने तिसरे सुवर्ण मिळवले, मार्टिकान तिसरा आला. मार्टिकानच्या नावावर पाच ऑलिम्पिकमध्ये पाच पदके झाली: दोन सुवर्ण, दोन रौप्य, एक कांस्य.

जेसिका फॉक्सने हीच किंमत टोकियोत मोजली. के-वनच्या अंतिम फेरीत तिचा पाण्यावरचा वेळ सर्वांत कमी होता, पण दोन काठ्या लागल्या. 4 सेकंद वाढले आणि ती तिसरी आली. दोनच दिवसांनी ती सी-वनच्या अंतिम फेरीत उतरली आणि एकाही काठीला न शिवता सुवर्ण जिंकून गेली. महिलांचा सी-वन प्रकार ऑलिम्पिकमध्ये खेळला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. स्लॅलममध्ये वेग आणि अचूकपणा ही दोन टोके आहेत. काठीच्या जितके जवळून जावे तितका मार्ग कमी होतो आणि तितकाच दंडाचा धोका वाढतो. कोणत्या गेटला किती धोका पत्करायचा, हा हिशेब खेळाडूला सेकंदाच्या आत करावा लागतो आणि तो हिशेब वयाबरोबर सुधारत जातो.

लांब पल्ला

म्हणूनच स्लॅलमची कारकीर्द लांब असते. ताकद विशीत शिखरावर पोहोचते, पण पाणी वाचण्याची नजर तिशीतही वाढत राहते. चेक प्रजासत्ताकाच्या श्तेपांका हिल्गर्टोव्हाने 1996 आणि 2000 मध्ये सुवर्ण जिंकले आणि 1992 पासून 2012 पर्यंत ती सलग सहा ऑलिम्पिक खेळली. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या मायालेन चोरॉतने 2012 मध्ये कांस्य मिळवले, 2013 मध्ये तिला मुलगी झाली आणि तीन वर्षांनी रिओत तिने सुवर्ण जिंकले. टोकियोत रौप्य घेताना ती 38 वर्षांची होती. जेसिका फॉक्सचे पहिले पदक, लंडनचे रौप्य, अठराव्या वर्षी आले. तिने के-वनचे सुवर्ण जिंकले ते थेट तिसाव्या वर्षी, चौथ्या ऑलिम्पिकमध्ये, पॅरिसला. तिथेच सी-वनचे सुवर्णही तिने राखले.

या वर्षांत खेळही बदलत राहतो आणि खेळाडूला त्याच्याबरोबर बदलावे लागते. पुरुषांचा जोडीचा सी-टू प्रकार टोकियोपासून ऑलिम्पिकमधून गेला. याच प्रकारात स्लोव्हाकियाच्या पावोल आणि पीटर होखशोर्नर या जुळ्या भावांनी 2000, 2004 आणि 2008 अशी सलग तीन सुवर्णपदके जिंकली होती. 2024 मध्ये कयाक क्रॉस आला: चार खेळाडू उंच फळीवरून एकदम पाण्यात झेपावतात, एकमेकांना ढकलत खाली येतात आणि वाटेत एकदा पूर्ण रोल मारावाच लागतो. पॅरिसला महिलांचे हे पहिले सुवर्ण जेसिकाची धाकटी बहीण नोएमी फॉक्स हिने जिंकले.

पाण्यासाठी देश सोडलेला खेळाडू

घराजवळ पाणी नसेल तर काय, याचे उत्तर आशियातल्या एका खेळाडूने दिले. ताकुया हानेदा जपानच्या तोयोता शहराचा, जन्म 1987 चा. त्या काळी जपानमध्ये स्लॅलमचा कृत्रिम प्रवाह नव्हता. हायस्कूल संपताच तो स्लोव्हाकियाला गेला. मार्टिकान आणि होखशोर्नर ज्या पाण्यात घडले, तिथे त्याने सराव केला, तिथली भाषा शिकला आणि ब्रातिस्लाव्हात विद्यापीठाचे शिक्षणही घेतले. दहा वर्षांनी, 2016 मध्ये, रिओत त्याने सी-वनचे कांस्यपदक मिळवले. ऑलिम्पिक स्लॅलममधले हे आशियाचे पहिले पदक. जपानने आपला पहिला कृत्रिम प्रवाह, टोकियोतले कासाई केंद्र, 2019 मध्ये सुरू केला. हानेदाचे शिक्षण तोवर परक्या देशाच्या पाण्यावर होऊन गेले होते.

महेश्वरची धार

भारतात या खेळाचे सर्वांत महत्त्वाचे पाणी मध्य प्रदेशात, महेश्वरजवळ आहे. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांची ही राजधानी. त्यांनी बांधलेल्या घाटांपासून थोड्या अंतरावर नर्मदा काळ्या बेसॉल्टच्या खडकांवर फुटून असंख्य धारांनी धावते. सहस्रार्जुनाने हजार हातांनी नर्मदा अडवल्याच्या कथेशी जोडलेली ही जागा सहस्रधारा म्हणून ओळखली जाते. हा खडक सह्याद्रीच्याच कुळातला, दख्खनच्या लाव्हाचा. 2023 च्या आरंभी मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत स्लॅलमची शर्यत सहस्रधारेवर झाली. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत उतरलेल्या भारतीय स्लॅलम संघात शिखा चौहान आणि हितेश केवट होते. केवट हे आडनाव नावाड्यांचे. नर्मदेवर पिढ्यान्‌पिढ्या नाव वल्हवणाऱ्या समाजाची ती ओळख आहे. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या डोंगरी नद्यांवर भर पावसाळ्यात मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो आणि देशोदेशीचे कयाकपटू तिथे येतात. ऑलिम्पिक स्लॅलममध्ये भारताला अजून पदक नाही.

मुंबईच्या उपनगरांतल्या मुलाच्या दृष्टीने ही वाट कशी दिसते? पहिली पायरी हाताशी आहे. अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आणि मुलुंडचे प्रियदर्शिनी संकुल इथे मोठे तरणतलाव आहेत, आणि पोहणे व रोल हे दोन्ही धडे तरणतलावातच गिरवायचे असतात. दुसरी पायरी संथ पाण्याची. युरोपातले क्लब तळ्यावर दोर ताणून काठ्या टांगतात आणि मुलांना वळणे शिकवतात. उपनगरांत तळी आहेत, पण विहार आणि तुळशी ही पिण्याच्या पाण्याची, आणि पवईत मगरी आहेत. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या नद्यांचा उगम राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या डोंगरांत आणि तलावांत असला, तरी वस्तीत शिरताच त्यांत सांडपाणी मिसळते. रोल चुकून ज्या पाण्यात तोंड बुडणार, ते पाणी स्वच्छ असावेच लागते. त्यामुळे नद्या शुद्ध करण्याचा प्रश्न इथे खेळाचाही प्रश्न होतो. तिसरी पायरी, वाहते पाणी, सुमारे 120 किलोमीटरांवर कोलाडला आहे. भिऱ्याच्या टर्बाइनमधून सुटून ते वर्षभर वाहते. राफ्ट चालवणाऱ्या स्थानिक गाइडांना त्यातला प्रत्येक खडक, प्रत्येक एडी आणि पाणी चढण्या-उतरण्याची वेळ तोंडपाठ असते. नवशिक्याला आणि मधल्या टप्प्यावरच्या खेळाडूला घडवायला असे पाणी पुरते. त्यापुढच्या जोरकस पाण्यासाठी महेश्वर किंवा परदेश गाठावा लागतो, जसा हानेदाने गाठला.

कारकिर्दीनंतर

स्लॅलमपटू थांबतो तेव्हा त्याच्याजवळ पैसा क्वचितच असतो. पाण्याचे ज्ञान मात्र भरपूर असते, आणि या खेळात ते ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. म्हणून निवृत्त खेळाडू बहुधा काठावर परततात: प्रशिक्षक म्हणून, पंच म्हणून, गेटची मांडणी करणारे म्हणून, नवे प्रवाह बांधणाऱ्यांचे सल्लागार म्हणून. रिचर्ड फॉक्स आणि मिरियम जेरुसाल्मी ऑस्ट्रेलियात गेले ते याच कामासाठी, आणि एका पिढीत तिथे जगातल्या बलवान महिला संघांपैकी एक उभा राहिला. टोनी एस्टँगेने 2012 नंतर वल्हे ठेवले आणि पुढे पॅरिस ऑलिम्पिकच्या संयोजन समितीचा तो अध्यक्ष झाला. त्याच्या समितीने भरवलेल्या त्या ऑलिम्पिकमध्ये, पॅरिसजवळच्या वेर-सुर-मार्नच्या पाण्यावर, फॉक्स बहिणींनी मिळून तीन सुवर्णपदके घेतली.

एका खेळाडूची कारकीर्द वीस वर्षांत संपते. त्या वर्षांत मिळालेले पाण्याचे ज्ञान पुढच्या मुलाच्या हातात गेले, की त्या गावात हा खेळ टिकतो. पो, पेनरिथ आणि लिप्टोव्स्की मिकुलाश इथे हे घडले आहे. महेश्वरला ही पहिली पिढी आता वाढते आहे. कुंडलिकेवर पाणी रोज सकाळी येते. तिथे अजून टांगायच्या आहेत त्या लाल आणि हिरव्या काठ्या.